पुस्तकांना डोळे देणारा चित्रकार : हॉवर्ड पाइल

पुस्तक हाती आले की आपण आधी काय पाहतो? खरे सांगायचे तर चित्र. मजकूर नंतर. लहानपणी तर कित्येक पुस्तके आपण केवळ चित्रांसाठीच उघडलेली असतात. पण ते चित्र कोणी काढले, हे आपण क्वचितच पाहतो. लेखकाचे नाव मोठ्या अक्षरांत असते. चित्रकाराचे नाव आतल्या पानावर बारीक टाइपात कुठेतरी दडलेले असते. दिवाळी अंकातली एखादी कथा वर्षानुवर्षे लक्षात राहते, तिच्यावरचे चित्रही लक्षात राहते, चित्रकार मात्र विस्मरणात जातो. जणू ते चित्र कागदावर आपोआपच उगवले होते!

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ‘रॉबिन हूड’ची एक जुनी इंग्रजी प्रत आहे. त्यातली भाषा जुन्या वळणाची असल्यामुळे मला जड गेली. पण चित्रे पाहताना भाषेची अडचण आली नाही. एका अरुंद पुलावर दोन धिप्पाड माणसे काठ्या घेऊन समोरासमोर उभी आहेत आणि त्या चित्राभोवती पानाफुलांची नाजूक चौकट आहे. केवळ काळ्या रेषांत एवढे जग मावू शकते हे पाहून मी थक्क झाले. मुखपृष्ठावर पाहिले, तर लेखक आणि चित्रकार एकच : हॉवर्ड पाइल. या माणसाचा शोध घेता घेता मला समजले, की त्याची चित्रे मोठी आहेतच. पण त्याने शिकवलेली माणसे त्याहून मोठी आहेत. त्याचीच ही थोडक्यात ओळख.

हॉवर्ड पाइलचा जन्म ५ मार्च १८५३ रोजी अमेरिकेतील डेलावेअर राज्यात विल्मिंग्टन या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे, साधे आणि धार्मिक. वडील विल्यम पाइल यांचा चामड्याचा धंदा होता. आई मार्गारेट हिला मात्र पुस्तकांचे आणि चित्रांचे विलक्षण वेड. ती मुलांना गोष्टी वाचून दाखवी आणि पुस्तकांतली, सचित्र मासिकांतली चित्रे त्यांच्यापुढे ठेवी. हॉवर्डला चित्राची गोडी लागली ती अशी आईच्या मांडीवर. शाळेत त्याचे लक्ष नसे. पाटीवर आणि पुस्तकांच्या कोऱ्या जागांवर तो चित्रे काढीत बसे. मुलाने महाविद्यालयात जावे अशी आईवडिलांची इच्छा होती. पण अभ्यासात त्याचे मन रमेना. शेवटी आईनेच वास्तव ओळखले आणि त्याला चित्रकला शिकू द्यायचे ठरले.

फिलाडेल्फिया शहरात व्हॅन डर वाइलेन नावाचे एक बेल्जियन चित्रकार खाजगी वर्ग चालवीत. त्यांच्याकडे हॉवर्ड सुमारे तीन वर्षे शिकला. शिस्त कडक होती. समोरची वस्तू जशी आहे तशी काढायची, हाताला वळण लावायचे. हा पाया पुढे त्याला जन्मभर उपयोगी पडला. त्याचे पद्धतशीर शिक्षण मुख्यतः एवढेच. त्यानंतर तो घरी परतला आणि वडिलांच्या धंद्यात मदत करू लागला. दिवसा चामड्याचा हिशेब आणि उरलेल्या वेळात चित्रे, अशी काही वर्षे गेली. कलेची आवड आणि पोटाचा व्यवसाय यांची ही ओढाताण आपल्याकडेही घरोघरी चालते, म्हणून ती निराळी समजावून सांगायला नको.

१८७६ साली तो व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील चिंकोटीग नावाच्या बेटावर गेला. तिथे रानटी तट्टांचे कळप होते आणि दरवर्षी त्यांना पकडण्याचा मोठा सोहळा होई. त्याने त्याचे वर्णन लिहिले, सोबत चित्रे काढली आणि आईच्या प्रोत्साहनाने ते सारे न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिब्नर्स’ मासिकाकडे धाडले. लेख स्वीकारला गेला! मासिकाच्या एका चालकाने त्याला न्यूयॉर्कला येऊन नशीब अजमावण्याचा सल्लाही दिला. तेवीस वर्षांचा हॉवर्ड चामड्याची वखार सोडून त्या महानगरात दाखल झाला.

पण शहराने त्याला सहजासहजी जवळ केले नाही. त्या काळी मासिकात चित्र छापणे म्हणजे मोठा खटाटोप असे. चित्र बॉक्सवुड नावाच्या टणक लाकडाच्या ठोकळ्यावर उतरवले जाई, मग कोरक्या ते हत्यारांनी कोरी आणि त्या ठोकळ्यावरून छपाई होई. मासिकांना पाइलच्या कल्पना आवडत, पण त्याचा हात अजून कच्चा वाटे. म्हणून त्याची कल्पना विकत घेऊन चित्र दुसऱ्याच अनुभवी चित्रकाराकडून नव्याने काढून घेत. आपले बाळ दुसऱ्याच्या अंगडे-टोपड्यात पाहण्यासारखेच हे! शेवटी त्याने हार्पर प्रकाशनाच्या कला विभागाचे प्रमुख चार्ल्स पार्सन्स यांना गळ घातली, की एवढे एक चित्र मला स्वतःला पुरे करू द्या. संकटात सापडलेल्या जहाजाची वार्ता किनाऱ्यावरच्या माणसांना कळते, तो क्षण त्याला रंगवायचा होता. कित्येक आठवडे तो त्या एकाच चित्रावर राबला. जवळचे पैसे संपत आले. धडधडत्या काळजाने त्याने ते नेऊन दिले. पार्सन्स यांनी ते नुसते स्वीकारले नाही, तर ‘हार्पर्स वीकली’च्या मार्च १८७८ च्या अंकात दोन पाने भरून छापले. त्या दिवसापासून पाइल चित्रकार झाला.

आता अपेक्षा अशी, की असा माणूस न्यूयॉर्कलाच राहील किंवा पॅरिसला जाईल. त्या वेळी अमेरिकेतले होतकरू चित्रकार शिक्षणासाठी युरोपची वाट धरीत. पाइलने उलट केले. तो सरळ आपल्या गावी, विल्मिंग्टनला परतला. १८८१ साली त्याचा अ‍ॅन पूल या गायिकेशी विवाह झाला. पुढे त्यांना सात अपत्ये झाली. गावात राहूनच त्याने मासिकांसाठी आणि पुस्तकांसाठी अखंड काम केले. १८८३ साली ‘रॉबिन हूड’ आले. कथा, चित्रे, चौकटी, सजावटीची अक्षरे, सारे एका हातचे. मग ‘पेपर अँड सॉल्ट’, दिवसाच्या चोवीस तासांसाठी चोवीस गोष्टी असलेले ‘द वंडर क्लॉक’, मध्ययुगातील एका मुलाची करुण कथा सांगणारे ‘ओटो ऑफ द सिल्व्हर हँड’, आणि पुढे १९०३ ते १९१० या काळात राजा आर्थरच्या कथांचे चार खंड. समुद्री चाच्यांवर तर त्याचे विशेष प्रेम. डोक्याला फडके, कमरेला रंगीत शेला, असा चाचा आपण सिनेमात पाहतो. त्या वेशाचे बरेचसे श्रेय पाइलच्या कुंचल्याकडे जाते. सबंध आयुष्यात त्याने तीन हजारांहून अधिक कथाचित्रे काढली. हॉलंडमध्ये हलाखीत चित्रकलेशी झगडणाऱ्या व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या हाती १८८२ साली ‘हार्पर्स’चे अंक पडले, तेव्हा त्यातील पाइलच्या जुन्या क्वेकर गावाच्या चित्रांनी तो भारावून गेला आणि भावाला पाठवलेल्या पत्रात त्याने तसे कळवले. एका खेड्यात काढलेले चित्र छापखान्याच्या वाटेने कुठवर जाते, पाहा!

या यशाच्या मधोमध एक घाव बसला. १८८९ च्या फेब्रुवारीत पाइल पत्नीसह जमेकाला गेला होता. मागे घरी त्याचा लहानगा मुलगा सेलर्स आजारी पडला आणि गेला. समुद्रापलीकडच्या आईबापांना अंत्यसंस्कारालाही पोहोचता आले नाही. पाइल या दुःखाविषयी फार बोलला नाही. पण १८९५ साली त्याने ‘द गार्डन बिहाइंड द मून’ हे पुस्तक लिहिले. चंद्रामागे एक बाग आहे आणि तिथे मुले खेळतात, अशी ती कल्पना. हे पुस्तक त्याने त्या मुलालाच अर्पण केले आहे.

त्याच सुमारास त्याच्या आयुष्याचा दुसरा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा अध्याय सुरू झाला. फिलाडेल्फियात १८९१ साली ड्रेक्सेल संस्था स्थापन झाली होती. सामान्य घरातल्या तरुण-तरुणींना उपयोगी शिक्षण मिळावे हा तिचा हेतू. तिथे १८९४ साली पाइलने कथाचित्रांचा वर्ग सुरू केला. तोवर अमेरिकेतल्या कलाशाळांत हा विषय स्वतंत्रपणे शिकवण्याची पद्धत जवळजवळ नव्हतीच. कथाचित्र म्हणजे पोटासाठी करायचे काम, खरी कला वेगळी, असाच समज होता. पाइलला तो मान्य नव्हता. चांगले कथाचित्र काढता येणे हीच मोठ्या चित्रकलेची पहिली पायरी, असे तो मानी.

तो शिकवी कसा? रूढ शाळांत विद्यार्थी महिनोन्‌महिने प्लास्टरच्या पुतळ्यांवरून नकला काढीत. आपणही शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी फळ्यावरचे नक्षीकाम आणि टेबलावरचा तांब्या-पेला काढलेला असतो. तांब्या हुबेहूब आला की गुण मिळतात; पण तो तांब्या कोणाच्या घरचा, त्यातले पाणी कोणी किती दुरून आणले, हे कोणी विचारीत नाही. पाइल नेमके तेच विचारी. त्याच्या रचनेच्या वर्गात विद्यार्थी आपापल्या कल्पनेने कोळशात काढलेली चित्रे मांडीत आणि तो एकेका चित्रावर बोले. रेषा चुकली, हात आखूड झाला, यावर तो फार थांबत नसे. या माणसाला थंडी वाजते आहे का? तो कुठून आला, दाराबाहेर काय वाजते आहे, हे तुला ठाऊक आहे का? अशा अंगाने तो विद्यार्थ्याला चित्राच्या आत नेई. जखमी सैनिक काढायचा असेल तर काढणाऱ्याच्या अंगावर आधी काटा यायला हवा, ही त्याची शिकवण. विद्यार्थी निवडताना तो पहिला मान कल्पनाशक्तीला देई. हाताचे कौशल्य त्यानंतर.

मात्र कल्पनेच्या नावाखाली ढिलाई त्याला खपत नसे. जुने पोशाख आणि शस्त्रे त्याने संग्रही जमवली होती. बटण चुकीच्या शतकातले नको, याबद्दल तो काटेकोर असे. १८९८ आणि १८९९ च्या उन्हाळ्यात त्याने निवडक विद्यार्थ्यांना ब्रँडीवाइन नदीकाठच्या चॅड्स फोर्ड या खेड्यात नेले. एका जुन्या गिरणीत त्यांचा स्टुडिओ थाटला. १७७७ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील मोठी लढाई तिथेच झाली होती. ज्या मातीवर माणसे लढली त्याच मातीवर उभे राहून ती लढाई रंगवायची! इतिहास वर्गात शिकणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना या शिक्षणाचा हेवा वाटावा.

ड्रेक्सेलमधला वर्ग वाढत गेला. संख्या वाढली की प्रत्येकाकडे लक्ष देणे अशक्य होते. १९०० साली पाइलने ती नोकरी सोडली आणि विल्मिंग्टनच्या फ्रँकलिन स्ट्रीटवर स्वतःची शाळा काढली. अर्ज पुष्कळ येत, प्रवेश मोजक्यांनाच मिळे. आणि फी? शिकवण्याचे त्याने काहीच घेतले नाही. विद्यार्थ्यांनी जागेचे भाडे आणि साहित्याचा खर्च तेवढा उचलावा. या शाळेची ठराविक वर्षे नव्हती, परीक्षा नव्हती, पदवी नव्हती. ज्याचे चित्र मासिकवाले पैसे देऊन छापतील तो उत्तीर्ण, असा तिथला हिशेब म्हणता येईल. एन. सी. वायथ हा वीस वर्षांचा तरुण १९०२ च्या ऑक्टोबरात आला आणि १९०३ च्या फेब्रुवारीत त्याचे उधळलेल्या घोड्याचे चित्र ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या प्रसिद्ध साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. पुढे १९११ साली त्याने ‘ट्रेझर आयलंड’साठी काढलेली चित्रे अजरामर ठरली. त्याचा मुलगा अँड्र्यू वायथ (१९१७–२००९) अमेरिकेतील थोर चित्रकार झाला; त्याचे शिक्षण वडिलांकडेच झाले. म्हणजे पाइलने नातवंड-शिष्यही घडवला.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो हार्वी डन. साउथ डकोटाच्या माळरानावरच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. कलाशाळेच्या खर्चासाठी त्याने शेजाऱ्यांची पडीक जमीन नांगरून पैसे जमवले. कृषी महाविद्यालयातील चित्रकलेच्या एका शिक्षिकेने त्याला ओळखले आणि शिकागोला जाण्यास उद्युक्त केले. १९०४ साली तो पाइलकडे आला. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकन सैन्याच्या अधिकृत आठ चित्रकारांत त्याची निवड झाली आणि पुढे तोही नामांकित गुरू झाला. नांगराने घट्टे पडलेल्या हातात कुंचला शोभतो, हे त्याने दाखवले. ज्यांच्या घरी याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा माझ्यासारखीला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पाइलचे एक मत मात्र मला पटत नाही आणि ते लपवणेही बरे नव्हे. ड्रेक्सेलच्या वर्गात मुली मोठ्या संख्येने होत्या आणि उत्तम काम करीत होत्या. जेसी विलकॉक्स स्मिथ आणि व्हायोलेट ओकली या दोघींना १८९७ साली लाँगफेलोच्या ‘इव्हँजेलिन’ काव्याच्या चित्रांचे काम पाइलनेच मिळवून दिले होते. तरीही मुली लग्न झाल्यावर कला सोडून देतात, त्यांच्यावर घेतलेले श्रम वाया जातात, असे त्याला वाटे. विल्मिंग्टनच्या शाळेत त्यांना जागाही कमीच मिळाल्या. एवढ्या कल्पक माणसाची कल्पना इथे थिटी पडली असे मला वाटते. घर सांभाळणारी बाई कुंचला का टाकते, तिचा वेळ कोण घेते, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारायला हवा होता. याचे उत्तर त्याच्या शिष्यिणींनीच दिले. जेसी स्मिथने १९१७ पासून १९३३ पर्यंत ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाची मुखपृष्ठे महिन्यामागून महिना रंगवली. व्हायोलेट ओकलीने पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळ इमारतीत भव्य भित्तिचित्रे काढली. ते काम १९०२ पासून १९२७ पर्यंत चालले होते. एलिझाबेथ शिपेन ग्रीनने १९११ साली लग्न केले आणि त्यानंतरही ती चित्रे काढीतच राहिली. गुरूचे मत खोटे पाडण्याइतके बळ गुरूच्याच शिकवणीतून मिळावे, यात गुरूचा पराभव आहे की विजय? मला तरी तो विजयच वाटतो.

पाइलची अखेरची वर्षे समाधानाची नव्हती. १९०६ साली त्याने ‘मॅक्लुअर्स’ मासिकाचे कलासंपादक म्हणून काम पत्करले. पण ते काही महिन्यांतच सोडले. मग तो भित्तिचित्रांकडे वळला. मिनेसोटाच्या विधानभवनासाठी त्याने नॅशव्हिलच्या लढाईचे भव्य चित्र रंगवले. पण या कलेत आपण अजून कच्चे आहोत हे त्याला जाणवत होते. जन्मभर युरोपला न गेलेला हा चित्रकार १९१० च्या नोव्हेंबरात, सत्तावन्नाव्या वर्षी, जुन्या इटालियन चित्रकारांचा अभ्यास करण्यासाठी कुटुंबासह इटलीला निघाला. ज्या जुन्या चित्रांबद्दल त्याला पूर्वी फारसा आदर नव्हता, ती प्रत्यक्ष पाहून तो नतमस्तक झाला. गुरूने पुन्हा विद्यार्थी व्हावे, यापरते मोठेपण कोणते? पण प्रकृतीने साथ दिली नाही. ९ नोव्हेंबर १९११ रोजी फ्लॉरेन्स येथे मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचे निधन झाले. विल्मिंग्टनच्या नागरिकांनी १९१२ साली एकत्र येऊन त्याची चित्रे गावासाठी विकत घेतली. त्यातूनच आजचे डेलावेअर कला संग्रहालय उभे राहिले.

पाइलकडून आम्ही कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? आमच्या शाखेच्या नावात कला आहे, पण आमच्या हाती कुंचला नाही. आम्ही इतिहास वाचतो, साहित्य वाचतो, मार्गदर्शिकांतले प्रश्न पाठ करतो आणि पेपरात उतरवतो. प्लास्टरच्या पुतळ्यावरून नक्कल करण्याचाच हा दुसरा प्रकार. पाइलने इतिहासातल्या माणसाला लागणारी थंडी स्वतःच्या अंगावर घेतली आणि मगच रेषा ओढली. तसा एखादा धडा आपण वाचला, एखाद्या दुष्काळाचे, एखाद्या लढाईचे, एखाद्या बाईच्या जिण्याचे वर्णन वाचताना आपल्याही अंगावर काटा आला, तर पदवीच्या कागदाखेरीज आणखी काही आपल्या पदरात पडेल. ते मिळवायला फी लागत नाही. पाइलनेही ती घेतली नव्हती.